जाहिरातींची चाळणी घरच्या वायफायलाच लावा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आई रोज मोबाईलवर लासलगावचे कांद्याचे भाव बघते, तर मधेच ‘तुमच्या फोनमध्ये व्हायरस आहे’ असं लाल अक्षरात यायचं, एकदा तिने घाबरून बोट लावलं आणि भलतंच ॲप डाउनलोड झालं. खूप वाईट वाटलं मला. मग प्रत्येकाच्या फोनमध्ये वेगळं काही टाकत बसण्यापेक्षा घरच्या वायफायलाच चाळणी लावली.

रास्पबेरी पाय नावाचा तळहाताएवढा कॉम्प्युटर घेतला, त्यावर पाय-होल हे जाहिराती अडवणारं फुकट सॉफ्टवेअर टाकलं, त्याचा आयपी (घरच्या नेटवर्कमधला पत्ता) फिक्स केला आणि राउटरमध्ये डीएनएस (साइटचे पत्ते सांगणारा) म्हणून तोच दिला. फोन कुठलीही साइट उघडताना आधी तिचा पत्ता विचारतो ना, तो प्रश्न आता पाय-होलकडे जातो आणि नाव जाहिरातवाल्यांच्या यादीत असेल तर तो खरा पत्ता देतच नाही, म्हणजे जाहिरात घरात येतच नाही, स्मार्ट टीव्हीवरसुद्धा बऱ्याच कमी झाल्या. यूट्यूबच्या मात्र थांबत नाहीत, त्या व्हिडिओच्याच सर्व्हरवरून येतात. आणि राउटरमध्ये दुसरा डीएनएस बाहेरचा ठेवू नका, तिथून जाहिराती परत शिरतात.

एवढा खटाटोप नको असेल तर ॲडगार्ड या जाहिराती अडवणाऱ्या सेवेचा ९४.१४०.१४.१४ हा फुकट डीएनएस राउटरमध्ये टाकला तरी बराच फरक पडतो.

बातम्यांच्या साइट जाहिरातींवरच चालतात हे कळतं, म्हणून आम्ही पेपर विकतच घेतो. तुमच्या पुरवणीत ज्येष्ठांसाठी यावर चित्रांसकट एक लेख द्याच.

एक वाचक, सिडको, नाशिक