सनद भिंतीवरच राहू द्या

ती. आई आणि ती. बाबा,

सा. न. वि. वि.

(बाबा, मायना बरोबर आहे ना? आठवीत तुम्ही माझ्या पत्रात लाल शाईने सतरा चुका काढल्या होत्या. तेव्हापासून पत्र लिहायचं म्हटलं की हात जरा आखडतोच.)

हे फोनवर सांगता आलं असतं. तीनदा लावलाही. पहिल्यांदा आई नुकतीच डॉक्टरांकडून आली होती. दुसऱ्यांदा बाबांनी उचलल्या उचलल्या "बोला वकीलसाहेब" म्हटलं आणि माझे शब्द घशातच राहिले. तिसऱ्यांदा तुम्हीच म्हणालात, आवाज दमलेला वाटतोय, आधी झोप. म्हणून लिहितेय.

मी प्रॅक्टिस थांबवली आहे. थांबवणार आहे असं लिहून मग खोडलं, कारण ते खोटं झालं असतं. गेल्या सोमवारी वकिलीची सनद स्थगित करण्याचा अर्ज बार कौन्सिलकडे दिला. येत्या एक तारखेपासून कायद्याच्या कागदपत्रांचं भाषांतर करणाऱ्या एका संस्थेत रुजू होतेय. नोकरी पूर्णवेळ आहे, पगारी आहे आणि पगाराची तारीख ठरलेली आहे.

आता बाबांनी पत्र टेबलावर ठेवून चष्मा काढला असेल. आई, तू पुढचं मोठ्याने वाच.

स्थगित म्हणजे रद्द नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाचा 49 क्रमांकाचा नियम आहे की वकील असताना पूर्णवेळ पगारी नोकरी करता येत नाही. केली तर कौन्सिलला कळवून तेवढा काळ वकिली बंद ठेवायची. मी नियमाप्रमाणे कळवलं. न कळवता दोन्हीकडे हात मारणारे आहेत, पण ते आपल्या घरात चालणार नाही हे मला माहीत आहे. उद्या नोकरी सोडली तर अर्ज करून सनद पुन्हा चालू करून घेता येते. तेव्हा बाहेरच्या खोलीतली ती फ्रेम भिंतीवरच राहू द्या. काढू नका, आणि माझ्यासमोर तिच्याकडे बघून उसासेही टाकू नका.

सनदेवरून आठवलं. 2024 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की सर्वसाधारण उमेदवाराकडून वकिलीच्या नोंदणीसाठी 750 रुपयांपेक्षा जास्त घेता येणार नाहीत. त्या संध्याकाळी बाबांचा फोन आला होता, "मग आपले वरचे परत मिळतील का?" मी तेव्हा बघते म्हणाले होते. बघितलं होतं, बाबा. आधी घेतलेले परत द्यायची गरज नाही, असं त्याच निकालात आहे. मला ते त्या दिवशी सांगवलं नाही. गेल्या चार वर्षांत तुम्हाला न सांगितलेल्या गोष्टींमधली ही सगळ्यात लहान.

मोठी ही, की "बरं चाललंय" हे खरं नव्हतं. तुम्ही दर महिन्याला "पुस्तकांसाठी" म्हणून पैसे पाठवायचात. त्यातून पुस्तकं दोन आली, बाकी सगळं खोलीभाड्यात गेलं. ज्यांच्या हाताखाली मी उमेदवारी करत होते ते सर मला प्रवासखर्च द्यायचे, तोही त्यांना आठवला तर. त्यांच्याबद्दल मनात राग नाही, त्यांना त्यांच्या सीनियरने तेवढंही दिलं नव्हतं आणि ते हे अभिमानाने सांगतात. 2024 च्या ऑक्टोबरात बार कौन्सिल ऑफ इंडियाने परिपत्रक काढलं, ज्युनिअरला शहरात महिना किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये द्यावेत. ते बाररूमच्या ग्रुपवर आलं तेव्हा सीनियर मंडळींनी हसण्याची चित्रं टाकली. शिफारस होती, सक्ती नव्हती. आणि आई, तुझ्या पाटल्यांचं मला माहीत आहे. दादाने सांगितलं. त्यावर आत्ता काही लिहीत नाही, समोर आले की बोलू.

पण फक्त पैशासाठी सोडलं असं समजू नका. पैशाचं मी आणखी दोन वर्षं ओढलं असतं. गेल्या वर्षीची डायरी काढून मोजलं. 211 दिवस कोर्टात गेले. त्यातल्या 164 दिवशी न्यायाधीशांसमोर माझ्या तोंडून निघालेलं एकमेव वाक्य होतं, "साहेब, सर दुसऱ्या कोर्टात आहेत, पुढची तारीख मिळावी." कोट चढवायचा, बँड बांधायचा, त्या दिवशीच्या खटल्यांचा बोर्ड बघायचा, पुकाऱ्याची वाट बघत उभं राहायचं, हे वाक्य म्हणायचं आणि रोजनाम्यात तारीख लिहून घ्यायची. पुढची तारीख मागायचा मुदत अर्ज मी झोपेतही लिहू शकते. बाबा, तुम्ही म्हणाल की वकिली अशीच शिकतात, दहा वर्षं उमेदवारी असतेच. असेल. माझ्याबरोबरच्या दोघी त्यातूनच आता स्वतः उलटतपासणी घेतात आणि झकास घेतात. उलटतपासणीला उभी राहिले की माझे मात्र तळहात ओले व्हायचे, चौथ्या वर्षीही. समोरचा माणूस गोंधळला की मला त्याचीच कीव यायची. वकिलाचं असं होऊन चालत नाही.

खरं तर याची सुरुवात एका अशिलापासून झाली. वय सत्तरीच्या पुढे. उच्च न्यायालयाचा 38 पानांचा निकाल प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून आणला होता. सरांना वेळ नव्हता. ते माझ्याकडे आले नि म्हणाले, "ताई, एवढंच सांगा, मी पडलो का उभा आहे?" खालच्या कोर्टात त्यांचा दावा, कैफियत, साक्षी, सगळं मराठीत झालेलं. 1998 पासून महाराष्ट्रात खालच्या कोर्टांची भाषा मराठी आहे. वर उच्च न्यायालयात गेलं की राज्यघटनेच्या अनुच्छेद 348 प्रमाणे सगळं इंग्रजी. म्हणजे त्यांच्याच जमिनीबद्दल, त्यांच्याच साक्षीवर कोणीतरी 38 पानं लिहिली होती आणि ती त्यांनाच वाचता येत नव्हती. मी जिन्याखालच्या बाकावर बसून त्यांना सगळा निकाल मराठीत सांगितला. दोन तास लागले. ते पडलेही नव्हते आणि उभेही नव्हते, प्रकरण फेरचौकशीला परत खाली आलं होतं. "म्हणजे पुन्हा पहिल्यापासून?" म्हणाले. मी हो म्हटलं. ते बराच वेळ गप्प बसले, मग पान 22 वरचा एक परिच्छेद पुन्हा वाचायला लावला आणि म्हणाले, "हे मी असं बोललोच नव्हतो." मूळ मराठी साक्ष काढून बघितली. खरंच नव्हते बोलले. भाषांतर चुकलं होतं.

त्या रात्री मला झोप आली नाही. तशी तोवर बऱ्याच रात्री येत नव्हती, पण ही वेगळी होती.

त्यानंतर अपिलाला जाणाऱ्या कागदांची भाषांतरं मी रात्री करून देऊ लागले, आधी सरांची, मग बाररूममधल्या आणखी तिघा-चौघांची. मग 1 जुलै 2024 ला नवे फौजदारी कायदे आले. 1860 ची दंडसंहिता गेली, भारतीय न्याय संहिता आली, आणि तीस वर्षं वकिली केलेली माणसं खुनाच्या कलमाला 302 म्हणून जीभ चावून 103 म्हणू लागली. त्या आठवड्यात पहिल्यांदा सर आणि मी एकाच इयत्तेत होतो! मी जुनी कलमं, नवी कलमं आणि मराठी शब्द असा एक तक्ता केला, तो झेरॉक्स होऊन होऊन माझ्याकडेच परत आला, खाली दुसऱ्याच कोणाचं नाव घालून. (बाबा, तुमचा तो लाडका "चारसोबीस" आता 318 झालाय. पण शिवी म्हणून जुनाच चालू ठेवा. 318 ला काही जोर नाही.)

हे काम म्हणजे टायपिंग नव्हे. आई, मावशी विचारेल तेव्हा तिला हे नक्की सांग. करारातल्या "कन्सिडरेशन"ला यंत्र बिनदिक्कत "विचार" लिहितं, तिथे "प्रतिफल" हवं, नाहीतर जमिनीच्या खरेदीखतात विचार दिला आणि विचार घेतला असं होऊन बसतं. "लीव्ह ग्रँटेड" म्हणजे अपील करायला परवानगी दिली, त्याची यंत्राने "रजा मंजूर" केलेली मी पाहिली आहे. बाबा, तुम्ही आयुष्यभर रजेचे अर्ज नोंदवलेत, तुम्ही नक्की हसला असाल. उलट बाजूने आणखी अवघड. एक साक्षीदार म्हणाला होता, "मी तिथं असल्यासारखाच होतो." होता की नव्हता? त्याचं इंग्रजी करायला मला एक अख्खी संध्याकाळ लागली, कारण त्याने जेवढं संदिग्ध ठेवलं तेवढंच मला ठेवायचं होतं. भाषा संचालनालयाचा न्यायव्यवहार कोश उशाशी असतो, पण असल्या वाक्याला कोश काय करणार.

एक सांगू? ज्या रात्री घरी ती कोर्टाची नोटीस आली, तेव्हा आजी पायरीवर बसली होती आणि तुम्ही तिला एकेक ओळ सोपी करून सांगत होतात, बाबा. "प्रतिवादी" म्हणजे आपण. "इसम" म्हणजे माणूसच. तिने विचारलं, मग माणूस का नाही लिहीत? तुम्ही हसलात. त्या सगळ्या वर्षात तुम्ही हसलेलं मला तेवढंच आठवतं. तुम्हाला वाटत होतं मी झोपलेय. मी पांघरुणात जागी होते, आईचा हात माझ्या पाठीवर होता आणि तो थांबला की मी मुद्दाम कुशी बदलायचे, म्हणजे पुन्हा सुरू होईल. मला वकील व्हायचं होतं ते त्या रात्रीमुळे, हे तुम्हाला माहीतच आहे. त्या रात्रीतलं मला नक्की काय आवडलं होतं, ते समजायला मात्र इतकी वर्षं गेली.

आई, तुझ्या मनात न्यायाधीशाची परीक्षा आहे, माहितेय. दुसऱ्या वेळी मुख्य परीक्षेपर्यंत गेले तेव्हा तू कोणालाही न सांगता केलेला नवस दादाने मला सांगितला. (दादाच्या पोटात काहीच राहत नाही, त्याला काही सांगत जाऊ नका.) 2025 च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्या परीक्षेसाठी तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली. माझी चार झाली आहेत, ती काही कोणी पुसत नाही. पण तिसऱ्यांदा बसेन अशी आशा मी तुला लावणार नाही. नवस मात्र फेडून टाक, मुख्य परीक्षेपर्यंतचा तरी.

आता माझी काळजी. नव्या खोलीला पूर्वेची खिडकी आहे आणि लिफ्ट आहे. ऑफिस साडेनऊ ते सहा असेल. तिथल्या खुर्चीला पाठ टेकता येते, कोर्टातल्या बाकासारखी नाही. डबा वेळेवर येतो आणि मी तो वेळेवर खाते, बाररूममध्ये तो चार वाजता उघडला जायचा. पित्ताच्या गोळ्या दोन महिने घेतलेल्या नाहीत. केस गळायचे थांबले असं खोटं सांगत नाही, पण रात्री अकराला झोपते आणि सकाळी गजराच्या आधी जाग येते. रविवारी खरंच सुट्टी असेल. पगार फार मोठा नाही, पण पुरून थोडा उरेल. पुढच्या महिन्यापासून तुमचे "पुस्तकांचे" पैसे पाठवू नका. पाठवलेत तर मी परत पाठवीन, मग तुम्ही पुन्हा पाठवाल, आणि बँकेतला तो मुलगा हसेल.

आता नीट ऐका, दोघंही. बाबा, 14 तारखेच्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मी येतेय, रजा आत्ताच मागून ठेवली आहे. (मंजूर!) ते पुढे ढकलायचं नाही. थेंबांचं वेळापत्रक मोठ्या अक्षरात लिहून आणते, फ्रीजवर लावायचं. डोळा चोळायचा नाही, डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, सिलिंडर हलवायचा नाही. रक्तदाबाची गोळी "आज बरं वाटतंय" म्हणून चुकवायची नाही, बरं वाटतंय ते गोळीमुळेच. आई, स्टुलावर चढून माळ्यावरचं काढायचं नाही. निळी ट्रंक मी आले की काढू, तिला काही घाई नाही. न्हाणीघरात आधाराची दांडी बसवायला शनिवारी माणूस येईल, पैसे दिलेले आहेत, त्याला वर काही देऊ नकोस. आणि कोणी व्हिडिओ कॉल करून पोलिसांच्या वेशात "डिजिटल अटक" वगैरे म्हणालं तर सरळ फोन ठेवा. अशी अटक कोणत्याही कायद्यात नाही, हे मी सनद स्थगित असतानाही सांगू शकते. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा. घाबरून ओटीपी देऊ नका.

बाबा, तुम्हाला वाईट वाटलं असेल. लोकांना "मुलगी वकील आहे" म्हणताना तुम्ही कसे ताठ बसता ते मी पाहिलंय. अजूनही म्हणा, कायद्याची पदवी कुठे जात नाही. मला रागवायचं असेल तर रागवा, पण मनात ठेवून रात्र रात्र जागू नका. आणि आईवर चिडू नका, तिला यातलं काही माहीत नव्हतं. म्हणजे थोडं होतं. तिने स्वतःच ओळखलं होतं.

रविवारी सकाळी फोन करते. त्याआधी तुम्ही केलात तर मला आवडेल.

तुमची,
मनू

ता. क. बाबा, "प्रकरण पुन्हा खालच्या कोर्टाकडे पाठवणे" याला आम्ही "प्रतिप्रेषण" लिहितो. त्या आजोबांना ते कळलं नसतं, आपल्या आजीलाही नाही. दुसरा काही शब्द सुचतो का, विचार करून ठेवा. आणि या पत्रातल्या शुद्धलेखनाच्या चुका ऑपरेशननंतरच मोजा.