ग्लू स्टिकवाल्या ताईंना

ताई,

तुमचं नाव मला माहीत नाही. तीन वेळा भेटलो आणि तिन्ही वेळा विचारायचं राहून गेलं. तुमच्या लेकीचं नावही आता आठवत नाही, तिच्या सॅकला एक कापडी कासव लटकत होतं तेवढं मात्र पक्कं आठवतंय. बालवाडीच्या प्रवेशफॉर्मच्या रांगेत ज्याला तुम्ही ग्लू स्टिक दिलीत तो माणूस मी. त्या दिवशी तुम्ही अजून चारपाच जणांना दिली असेल म्हणून खूण सांगतो, निळी प्लास्टिकची फाईल, बगलेत हेल्मेट, आणि हातात फोटो स्टेपल केलेला फॉर्म.

सूचनांमध्ये बाराव्या नंबरला लिहिलं होतं की फोटो चिकटवायचे, स्टेपल केलेला फॉर्म घेणार नाही. मी अकरापर्यंत वाचलं होतं. तुम्ही माझ्या पुढे होतात, मागे वळून बघितलंत आणि म्हणालात, "दादा, हे परत देतील हं," आणि मी काही बोलायच्या आत फॉर्म घेऊन त्या पिना नखाने उचकटून काढायला लागलात. एक पीन बोटाला टोचली तुमच्या. तरी तुम्ही फोटोवर भोकं दिसणार नाहीत असा थोडा सरकवून चिकटवलात. मी बाजूला हेल्मेट धरून उभा, एखाद्या शाळकरी पोरासारखा.

पण खरी गोष्ट फोटोची नव्हतीच. फोटो चिकटवता चिकटवता तुमची नजर जन्मतारखेवर गेली आणि तुम्ही विचारलंत, "मोठ्या गटाला का भरताय, तुमची मुलगी कटऑफला बसते का?" आता मी सात शाळांची एक्सेल शीट केली होती ताई, रंग वगैरे देऊन. घरापासूनचं अंतर, फॉर्मची तारीख, कोणाला जन्मदाखल्याची झेरॉक्स हवी, कोणाला लसीकरणाचं कार्ड, कोण पालकांकडून निबंध लिहून घेतं, सगळे कॉलम होते. कटऑफचा कॉलमच नव्हता, मला वाटलं होतं सगळीकडे एकच तारीख असते. आमची लेक या शाळेच्या तारखेला ९ दिवसांनी कमी पडत होती. मी म्हटलं ९ दिवसांनी काय होतंय, तर तुम्ही म्हणालात की कॉम्प्युटर बाद करतो आणि कळवतही नाहीत, यादी लागेपर्यंत माणूस वाट बघत बसतो. मग तिथेच पायरीवर बसून नवा फॉर्म, छोट्या गटाचा, तुमच्याच पेनाने.

माझा चेहरा पडलेला बघून तुम्ही अजून एक सांगितलंत, की अहो एका वर्गात सगळ्यात मोठं आणि सगळ्यात लहान मूल यांच्यात जवळजवळ वर्षाचं अंतर असू शकतं, आणि तीन वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा तिसरा हिस्सा झाला. तुमची पोरगी या गटात मोठी असेल, बटणं स्वतः लावेल, तोटा काही नाही त्यात. घरी येऊन बायकोला हे जसंच्या तसं सांगितलं, माझंच डोकं असल्यासारखं. हे तुम्ही सांगितलंत ते तेव्हा बोललो नाही. आता सांगितलंय.

दुसरी भेट त्या "इंटरअ‍ॅक्शन"ला. इंटरव्ह्यू म्हणायचं नाही हं, इंटरअ‍ॅक्शन. मुलीला आम्ही काय काय शिकवलं होतं ते आता लिहायलाही लाज वाटते. रंग, आकार, प्राणी, "गुड मॉर्निंग मॅम", पेन्सिल कशी धरायची. तीन वर्षांच्या पोराची पेन्सिल मुठीत असते, बोटांची पकड हळूहळू येते, हे मला नंतर कळलं, आम्ही रोज रात्री तिची बोटं वळवत बसलो होतो आणि ती रोज रात्री रडत होती. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसला होतात, तुमची लेक कासवाशी बोलत होती, आणि मी तिथे फ्लॅशकार्ड काढली. तुम्ही फक्त हसलात आणि म्हणालात, "आत्ता ठेवा ती, आत जाताना तिला फक्त सांगा की बाबा या दाराबाहेर बसलाय." एवढंच सांगितलं तिला. दार दाखवलं, बाक दाखवला, मी कुठे बसणार ते दाखवलं.

आत काय झालं ते काचेतून सगळ्यांनीच बघितलं. बाकीची मुलं ठोकळे रचत होती आणि आमची बया टेबलाखाली जाऊन स्वतःच्या बुटात मणी भरत होती. एक एक करून. लाल मणी डाव्या बुटात, बाकीचे उजव्या. बाई खाली वाकून विचारत होत्या की हा कुठला रंग, तर ही म्हणाली, "थांब ना, मी काम करतेय." बाईंना अरे-तुरे. मी बाहेर कपाळावर हात मारला. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की जणू मणी मीच भरतोय. तुम्ही मात्र म्हणालात, "बघा की, रंग वेगळे करतेय ती." तेव्हा कुठे आम्हाला दिसलं. आणि तुमची लेक तिच्या शेजारी बसून कासवाला मणी खायला घालत होती, दोघी एकमेकींशी एक शब्द बोलल्या नाहीत पण शेवटपर्यंत शेजारी होत्या. मी चिंतेत की ही मिक्स होत नाही. रात्री शोधल्यावर कळलं की मिल्ड्रेड पार्टेन नावाच्या बाईंनी १९३२ मध्येच हे लिहून ठेवलंय, लहान मुलं आधी अशीच शेजारी शेजारी, आपापलं खेळतात, एकत्र मिळून खेळणं नंतर येतं. म्हणजे ज्या गोष्टीला मी नापास समजत होतो ती वयाप्रमाणे व्यवस्थित चालली होती.

(एक अवांतर. सातपैकी पाच शाळांच्या माहितीपत्रकावर मॉन्टेसरी हे नाव ठळक. मारिया मॉन्टेसरी यांचं पहिलं बालगृह १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेन्झो भागात सुरू झालं, कामगारांच्या इमारतीत, आईबाप कामाला गेल्यावर जिन्यात हुंदडणाऱ्या आणि भिंती खराब करणाऱ्या पोरांसाठी. तिच्या नावाने आता आईवडिलांचं शिक्षण आणि हुद्दा विचारणारा दोन पानी फॉर्म आहे. असो.)

आता तिसरी भेट, आणि हे पत्र खरं तर तिच्यासाठीच आहे.

यादी लागली त्या दिवशी तुम्ही बोर्डापाशी होतात. आम्ही वेटिंग १. वेटिंग १ म्हणजे बस समोर उभी, दार बंद, आणि ड्रायव्हर आपल्याकडेच बघतोय. मी तुम्हाला सगळं भडाभडा सांगून टाकलं, कारण सांगायला दुसरं कोणी नव्हतं, ऑफिसात याचे जोक झालेले आणि घरी याच्यावर बोलायला बंदी. की एका लांबच्या शाळेत मिळालंय, जायला यायला पाऊण पाऊण तास, तिथे शुक्रवारी दुपारी बारापर्यंत पैसे भरायचेत आणि भरले की परत मिळत नाहीत. इथली जागा सुटली तर सुटली, नाहीतर गेले. तुम्ही ऐकून घेतलंत. "होईल हो सगळं चांगलं" असलं काही म्हणाला नाहीत, त्याचे वेगळे आभार, कारण तोपर्यंत ते वाक्य मी शंभर वेळा ऐकलं होतं. फक्त विचारलंत, "शुक्रवारी बारा ना?" तुमच्या लेकीचं नाव वरच्या यादीत आहे की नाही ते मी विचारलंसुद्धा नाही.

गुरुवारी संध्याकाळी पावणेसहाला शाळेच्या ऑफिसमधून फोन. जागा झालीये, उद्या सकाळी या. मी दोनदा विचारलं, चुकून तर नाही ना लागला. सकाळी कागद देताना मी सहज म्हटलं, एवढ्या लवकर कशी काय सुटली, अजून तर दहा दिवस मुदत आहे. तर ऑफिसमधल्या बाई म्हणाल्या, काल एक आई स्वतः येऊन लिहून देऊन गेल्या, मोठा मुलगा ज्या शाळेत आहे तिथे धाकटीचं झालं म्हणे, आणि जाताना सांगून गेल्या की पुढच्यांना आजच फोन करा, त्यांची उद्या बाराची मुदत आहे. नाव त्यांनी सांगितलं नाही, सांगणारही नव्हत्या, मीही ताणलं नाही. पण बाराची मुदत मी जगात फक्त बायकोला आणि तुम्हाला सांगितली होती.

ताई, तुम्हाला कदाचित ही साधी गोष्ट वाटेल. ती किती मोठी आहे ते मला नंतर कागदावर मांडल्यावर कळलं. समजा पाच शाळा आहेत, प्रत्येकीत २० जागा, आणि शहरात मुलं १००. म्हणजे जागा बरोब्बर पुरतात. पण प्रत्येक आईबाप घाबरून पाचही ठिकाणी फॉर्म भरतात, मग प्रत्येक शाळेला १०० अर्ज दिसतात आणि बोर्ड लागतो की पाचातल्या एकालाच प्रवेश. ते वाचून पुढच्या वर्षीचे लोक अजून घाबरतात आणि सात ठिकाणी भरतात. आणि ज्यांना दोन तीन ठिकाणी मिळतं ते शेवटच्या तारखेपर्यंत सगळं धरून ठेवतात. पैसे तसेही परत मिळणार नसतात, मग कळवून आपल्याला काय मिळणार? काही जण कळवतच नाहीत, शाळा सुरू झाल्यावर पहिल्या आठवड्यात बाक रिकामा दिसतो तेव्हा कळतं. तोपर्यंत वेटिंगवाला दुसरीकडे पैसे भरून मोकळा, त्याची तिथली जागा तिसऱ्याला मिळू शकली असती तीही अडकली. सगळी एकमेकांच्या मागे अडकलेली गाडी. जी पहिली सोडते तिच्यामुळे मागच्या तीन हलतात.

याच्यावर गणित आहे म्हणे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये मांडलं, सगळ्यांनी आपल्या पसंतीच्या याद्या एका जागी द्यायच्या, जागा आधी तात्पुरत्या धरायच्या, हलवाहलव होत होत शेवटी एका मुलाच्या नावावर एकच जागा उरते. शॅप्ली यांना पुढे २०१२ मध्ये ॲल्विन रॉथ यांच्याबरोबर अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, आणि काही शहरांतल्या सरकारी शाळांचे प्रवेश अशा पद्धतीने होतातही. खाजगी बालवाड्या मात्र आपापली यादी छातीशी धरून बसलेल्या असतात, कोणी एकत्र आणणारं नाही. आमच्या बाबतीत ते काम तुम्ही केलंत, पाऊस असताना, रिक्षा करून म्हणा किंवा चालत, ऑफिस बंद व्हायच्या आत.

आणि आता माझं सांगतो, कारण हे न सांगता नुसते आभार मानले तर खोटं होईल. त्या वेळी माझ्याकडे पण एक जागा होती. तिसरीच शाळा, आम्हा दोघांनाही न आवडलेली, तिथे पाठवणार नाही हे पहिल्या दिवशीच ठरलेलं. पण त्यांनी पैसे मागितले नव्हते, नुसतं कळवा म्हणाले होते, आणि मी "असू दे" म्हणून तीन आठवडे कळवलं नव्हतं. म्हणजे मी तुमच्यासमोर उभा राहून लोक जागा अडवतात म्हणून चिडचिड करत होतो आणि खिशात एक जागा घेऊन फिरत होतो. कोणाच्या तरी घरी माझ्यामुळे वेटिंग १ चा आकडा तीन आठवडे तसाच राहिला. शुक्रवारी शाळेतून बाहेर पडलो आणि गाडीवर बसायच्या आधी, पार्किंगमध्येच, दोन्हीकडे मेल केले. त्या तिसऱ्या शाळेचं दहा मिनिटांत उत्तर आलं, कळवल्याबद्दल धन्यवाद, बरेच पालक कळवत नाहीत. ते धन्यवाद मी कुठल्या तोंडाने घेऊ ते कळेना, म्हणून तसेच पुढे तुमच्याकडे पाठवतोय.

लेक आता जाते शाळेत, चालत, सात मिनिटं. पहिले आठ दिवस दारात पायाला मिठी मारून रडली. बाईंना मी "बाबा या दाराबाहेर बसलाय" वाली युक्ती सांगितली तर त्या म्हणाल्या, खोटं नका सांगू, परत कधी येणार ते सांगा. मग "बूट घालायच्या वेळी येतो" असं ठरलं. मी त्या वेळेच्या आधीच जाऊन उभा राहतो. मणी अजूनही कधीकधी बुटात सापडतात, शाळेचे, धुऊन परत नेऊन देतो. कासववाल्या मैत्रिणीबद्दल तिने दोनदा विचारलं, ती कुठे गेली म्हणून. दुसऱ्या शाळेत, दादाबरोबर, असं सांगितलंय. बरोबर आहे ना?

आणि हो, तुमची ग्लू स्टिक माझ्याकडेच राहिली. परत द्यायची म्हणून फाईलच्या कप्प्यात ठेवली होती, मुलीच्या हाती लागली, झाकण चावून ठेवलंय आणि आतला गोंद वाळलाय. नवीन आणून त्याच कप्प्यात ठेवली आहे.