आटे वाचायला शिकवणाऱ्या काकांना

आदरणीय काका,
सप्रेम नमस्कार.

इंजिन जोडून झालं. सगळे बोल्ट आपापल्या जागी बसले, एकाही भोकाचे आटे (बोल्ट फिरून बसतो त्या खाचा) गेले नाहीत, आणि याचं श्रेय तुमचं आहे. फोनवर नुसतं थँक्यू म्हणून हे फिटणारं नाही, म्हणून सगळ्यांसमोर लिहितो आहे. शिवाय जुनी गाडी उघडून बसलेलं आणखी कुणी हे वाचेल, तर तुम्ही मला दिलेलं त्यांच्याही कामी येईल.

वाचणाऱ्यांसाठी थोडी माहिती. गाडी 1952 ची एमजी टीडी, ही इंग्लंडची जुनी स्पोर्ट्स गाडी, आणि तिचं इंजिन एक्सपीएजी, 1250 सीसीचं. या एका गाडीत बोल्टच्या तीन घराण्यांची वस्ती आहे. चासीला बीएसएफ, म्हणजे इंचाचे बारीक आटे. दिव्यांच्या आणि मीटरच्या वायरिंगला बीए नावाच्या मापाचे छोटे स्क्रू. आणि इंजिनाला चक्क मिलिमीटरचे आटे! पहिल्या महायुद्धात हॉचकिस या फ्रेंच कंपनीने इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला कारखाना काढला होता. युद्धानंतर तिथे मॉरिससाठी इंजिनं बनू लागली आणि 1923 मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. यंत्रं फ्रेंच मापाची, त्यामुळे आटे मिलिमीटरमध्ये पडत राहिले. पण गाडी दुरुस्त करणाऱ्यांच्या हातात व्हिटवर्थ या जुन्या इंग्लिश इंची मापाचे पाने, म्हणून बोल्टची डोकी ठेवली व्हिटवर्थच्या मापाची. हा सगळा इतिहास मला तुमच्याकडूनच कळला, आणि तो कळल्यावर त्या डबाभर बोल्टांची भीती निम्मी गेली.

काका, तुमचे सर्वांत जास्त आभार कशासाठी मानू, तर तुम्ही मला उत्तर सांगून मोकळे झाला नाहीत. टायमिंग कव्हरचा तो बोल्ट हातात घेतल्या घेतल्या तुम्ही ओळखला होता, हे तुमच्या चेहऱ्यावर दिसत होतं. तरी तुम्ही तो परत माझ्या हातात ठेवलात आणि म्हणालात, "डोकं विसर. दांड्याला विचार."

त्या बोल्टचं डोकं पाव इंची व्हिटवर्थच्या पान्यात चपखल बसतं. याच पान्यात अडीच सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) बीएसएफचंही डोकं बसतं, कारण बीएसएफची डोकी एक माप लहान असतात. म्हणून त्या पान्यावर दोन्ही मापं कोरलेली असतात. आणि कोरलेला आकडा पान्याच्या तोंडाचा नसून बोल्टच्या जाडीचा असतो. त्या पान्याचं तोंड प्रत्यक्षात सुमारे 13.3 मिलिमीटर आहे. पान्यावर भरवसा ठेवणारा कुणीही हा बोल्ट अडीच सूत बीएसएफ म्हणून बाजूला ठेवेल. व्हर्निअर (जाडी मोजायचं साधन) लावलं तरी त्याला पुष्टीच मिळेल, कारण अडीच सूत म्हणजे 7.94 मिलिमीटर. जुना, थोडा झिजलेला 8 मिलिमीटरचा बोल्टही 7.9 च्या आसपासच दाखवतो. जाडीवरून इथे काहीच ठरत नाही.

मग तुम्ही तारेच्या ब्रशने आटे लख्ख करायला लावलेत आणि दहा आट्यांची लांबी मोजायला सांगितलीत. एका आट्याच्या टोकापासून पुढच्या दहाव्या टोकापर्यंत. बीएसएफ असता तर इंचाला 22 आटे, म्हणजे दहा आट्यांना साडेअकरा मिलिमीटर. यूएनएफ, म्हणजे अमेरिका-ब्रिटनचे सामायिक बारीक इंची आटे, असता तर इंचाला 24, म्हणजे 10.6. बाजारात सहज मिळणारा एम 8 (8 मिलिमीटरचा बोल्ट) असता तर 12.5. माझं व्हर्निअर 10 वर थांबलं. 8 मिलिमीटर जाडी, 1 मिलिमीटर पिच, म्हणजे एका आट्यापासून पुढच्या आट्याचं अंतर. चार वेगवेगळे बोल्ट, जाडी जवळपास एकच, आणि फरक दिसतो तो दहा आटे ओलांडल्यावर. एका आट्यात जो फरक डोळ्याला दिसत नाही तो दहा आट्यांत मोजता येतो, ही युक्ती मला इतकी आवडली की त्यानंतर मी घरातला प्रत्येक स्क्रू मोजत सुटलो.

कोनाचं तुम्ही नंतर शिकवलंत, आणि मला वाटतं तेच सगळ्यांत नाजूक आहे. व्हिटवर्थ 1841 चा, त्याच्या आट्यांचा कोन 55 अंश, माथा आणि तळ गोलसर. बीएसएफ त्याचाच बारीक भाऊ, कोन तोच. यूएनसी (यूएनएफचा जाड आट्यांचा भाऊ), यूएनएफ आणि मिलिमीटरचे आटे 60 अंशांचे. आता पाव इंची व्हिटवर्थ आणि पाव इंची यूएनसी, दोघांनाही इंचाला 20 आटे. एकाचा नट दुसऱ्यावर फिरतो, घट्टही वाटतो. पण आट्याला आटा पूर्ण टेकत नाही आणि जोर पडला की कडा सोलून निघते. खिडकीसमोर 55 अंशांचा एक बोल्ट धरून पिच गेजचं (आटे ताडून पाहायच्या पात्यांच्या जुडीचं) 60 चं पातं त्यावर टेकवलंत, आणि पातं व आटा यांच्या मधून येणारी प्रकाशाची बारीक रेघ मला दाखवलीत. 55 चं पातं लावल्यावर ती रेघ नाहीशी झाली. इतकं स्पष्ट मला कुणी कधी दाखवलं नव्हतं.

बीएची गोष्ट वेगळीच निघाली. कोन साडेसत्तेचाळीस अंशांचा, स्क्रू इंग्लंडचा आणि मापं मात्र मिलिमीटरची. 0 बीएचा पिच 1 मिलिमीटर आणि पुढचा प्रत्येक नंबर आधीच्याच्या नऊ दशांश. त्या हिशेबाने 2 बीएचा पिच येतो 0.81. एम 5 चा पिच 0.8 असल्यामुळे दोघांची गल्लत होते, पण 2 बीएची जाडी 4.7 मिलिमीटरच आहे. तिथे एम 5 रेटून घातला की पितळेचा टर्मिनल संपला म्हणून समजा. तुम्ही वेळीच सांगितलंत म्हणून माझे टर्मिनल शाबूत आहेत.

या गाडीवर आधीही अनेकांचे हात फिरलेत. त्यामुळे काही बोल्टच्या डोक्यावर एकमेकांत अडकलेली वर्तुळं सापडली, ती यूएनएफ-यूएनसीची खूण. एक-दोघांवर 8.8 कोरलेलं, ते सरळ मिलिमीटरचे. मी म्हणालो की अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांचा एकसारख्या आट्यांचा करार तर 1948 चा आहे, मग 1952 च्या गाडीत यूएनएफ मूळचाच असणार. तुम्ही हसून म्हणालात, करार कागदावर झाला, कारखान्यातले टॅप (आटे पाडायची हत्यारं) त्या दिवशी बदलले नाहीत. एमजीच्या स्पोर्ट्स गाड्यांच्या बाबतीत तर 1955 च्या एमजीए या मॉडेलपर्यंत थांबावं लागलं.

भोकांच्या बाबतीत तुमचा नियम मी भिंतीवर लिहून ठेवलाय: ओळखीचा बोल्ट, फक्त बोटांनी, पाना लावायचा नाही. बोटांनी शेवटपर्यंत गेला तरच आपला. दोन-तीन आटे जाऊन अडला तर मागे घ्यायचा आणि पुन्हा मोजायचं. अॅल्युमिनियमच्या भागांत हे पाळलं नसतं तर काय झालं असतं, याचा विचारही नको वाटतो.

आता ब्रेकच्या नळ्या घ्यायच्या आहेत. तुम्ही बजावलेलं लक्षात आहे: तीन सूत यूएनएफला इंचाला 24 आटे, 10 मिलिमीटर 1 पिचला साधारण 25.4, दिसायला जुळे. तीन सुताचा जोड 10 मिलिमीटरच्या भोकात सैलसर बसतो, हाताला पकड घेतल्यासारखा वाटतो, आणि पायाखाली जोरात ब्रेक दाबला की निसटू शकतो. म्हणून प्रत्येक जोड मोजून, चिठ्ठी बांधून वेगळा ठेवलाय. तुमची नजर फिरल्याशिवाय एकही आवळणार नाही.

तुम्ही तुमचं पिच गेज माझ्याकडे ठेवून गेलात, "काम संपेपर्यंत राहू दे" म्हणून. त्या पात्यांवरचे आकडे वापरून वापरून पुसट झालेत, त्यावरून ते तुमच्या हातात किती वर्षं असेल ते कळतं. असं हत्यार दुसऱ्याकडे सोडून जाणं सोपं नसतं, काका. ते तेल लावून फडक्यात गुंडाळून ठेवलंय.

ब्रेक झाले की कळवतो. तुम्ही आणि काकू दोघांनीही या. गाडीचा स्टार्टर पहिल्यांदा तुम्ही ओढावा अशी माझी फार इच्छा आहे.

तुमचा,
टीडीवाला