बाबांचा तांब्या

तीर्थरूप बाबा आणि आई यांना,
साष्टांग नमस्कार.

हे फोनवर बोलणं जमणार नाही म्हणून लिहितेय. बाबा, विषय भूकंपाच्या त्या रात्रीकडे वळला की तुम्ही "जेवलीस का?" विचारता आणि फोन आईकडे देता. पत्र मात्र तुम्ही शेवटपर्यंत वाचाल.

गेल्या महिन्यात रात्री दीडच्या सुमाराला वरच्या मजल्यावर कुणीतरी कपाट सरकवलं. आमच्या खिडकीच्या काचा थरथरल्या. मी कधी उठले ते मला आठवत नाही. भानावर आले तेव्हा दुसऱ्या मजल्याच्या जिन्यात होते, अनवाणी, छोट्याला पोटाशी घट्ट धरून. तो झोपेतच विचारत होता, "आई, आपण कुठं चाललोय?"

बाबा, तेव्हा मला तुमचा तांब्या आठवला.

रोज रात्री तुम्ही फळीच्या कडेला तांब्या ठेवता, त्यावर फुलपात्र तिरकं, जरा हललं तरी खणकन खाली येईल असं. उशाशी बॅटरी. चपला दाराकडे तोंड करून. दाराला कडी नाही. लहानपणी मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं. पुण्यात होस्टेलवर आले तेव्हा कळलं की नसतं, आणि मला तुमची लाज वाटली. मनातल्या मनात मी तुम्हाला भित्रे म्हणाले होते. त्याची माफी मागायची राहिली आहे, ती आज मागते.

गेल्या दिवाळीत आईनं मला सगळं सांगितलं. आई, तू सांगितलंस ते बरं केलंस. १९९२ पासूनच किल्लारीकडे जमिनीतून आवाज यायचे, हादरे बसायचे. लोक अंगणात झोपायला लागले. मग दिवस गेले, सवय झाली, अंथरुणं हळूहळू आत गेली. २९ सप्टेंबर १९९३ ला गणपती विसर्जन झालं. त्या रात्री आपण तिघं अंगणात झोपलो. आजीला खोकला होता, गारवा बाधेल म्हणून तुम्ही स्वतः तिची वाकळ आत नेऊन अंथरलीत. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली.

मी सात वर्षांची होते. मला फक्त धूळ आठवते, आणि तुम्ही हातांनी दगड उपसत होतात ते. तुमची नखं गेली होती.

बाबा, इतकी वर्षं तुम्ही ती वाकळ एकट्यानं वाहताय. पण आजीला वाकळीनं मारलं नाही. दोन-दोन, तीन-तीन फूट जाडीच्या भिंती, दगड नुसत्या मातीत रचलेले, डोक्यावर माळवदाचा मातीचा भार. दगडांना एकमेकांशी बांधणारं काही नव्हतंच. तेव्हाच्या सरकारी नकाशात आपला भाग भूकंपाचा सगळ्यात कमी धोका असलेल्या विभागात होता, २००२ मध्ये तो वरच्या विभागात नेला. जाणकारांना जे दिसलं नाही, ते खोकल्याची काळजी करणाऱ्या लेकाला कसं दिसावं? दहा हजारांच्या आसपास माणसं गेली. प्रत्येक घरात कुणीतरी कुणालातरी "आत झोप" म्हटलं असेल.

जिन्यातल्या त्या रात्रीनंतर मी समुपदेशक बाईंकडे जाऊ लागले. त्यांनी सांगितलेलं मला फार पटलं. मेंदूत बदामाएवढा एक भाग असतो, त्याचं काम धोक्याची घंटा वाजवणं. हादरा जमिनीचा की कपाटाचा, याचा विचार व्हायच्या आधीच तो घंटा वाजवतो, छाती धडधडते, पाय पळायला लागतात. म्हणजे भीती हा आपला भित्रेपणा नाही. एकदा खरी ठरलेली घंटा आहे ती, म्हणून जरा जास्तच वाजते. आणि दर वेळी आपण पळालो की तिला वाटतं, पळालो म्हणूनच वाचलो.

मग त्यांनी मला सराव दिला. कपडे धुवायचं मशीन शेवटी जोरात फिरतं ना, तेव्हा त्यावर तळहात टेकवून उभं राहायचं. पहिल्या दिवशी अर्ध्या मिनिटात हात काढला, घामाचा ठसा मशीनवर उमटला होता. दुसऱ्या आठवड्यात थांबले. भीती चढली, चढली, आणि मी हलले नाही तेव्हा हळूहळू आपणहून उतरली. पूर्ण गेली नाही, जाईल असं वाटतही नाही. पण आता ती आली तरी मी मशीनपाशी उभी असते.

चपला, बॅटरी राहू द्या, ती शहाणपणाचीच तयारी आहे. पण रात्रीतून चार वेळा उठून तांब्या बघता, असं आई म्हणाली, त्यानं तुमची झोप जाते आणि तिचीही.

या दिवाळीला इकडे या. "चौथा मजला नको" असं म्हणू नका. मी दाराजवळ गादी घालीन, पहिल्या रात्री मीही तिथंच झोपेन. नाही राहवलं तर खाली पार्किंगमध्ये जाऊन बसू, चहाचा थर्मास भरून ठेवते. दुसऱ्या रात्री पुन्हा वर येऊन बघू.

तांब्या आणायचा असेल तर आणा. फक्त तो ठेवताना छोट्याला जवळ घ्या. कशासाठी ठेवता, ते त्याला सांगा, आणि आजीचं नाव सांगा. त्याला ते अजून माहीत नाही.

तुमची,
लेक