‘हिटलरने गाडी दिली’ हे वाक्य दुरुस्त करावं

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीतला जर्मन मोटारींच्या इतिहासावरचा लेख दोनदा वाचला. लेख मनापासून लिहिलेला आहे आणि त्यातली बीटलची, म्हणजे फोक्सवॅगनच्या त्या छोट्या गोलसर गाडीची, छायाचित्रंही सुरेख आहेत. पण फोक्सवॅगनवरच्या परिच्छेदात एक वाक्य आहे: ‘हिटलरने सामान्य जर्मन माणसाला परवडणारी गाडी दिली.’ ते वाचल्यापासून मला चैन पडेना. हे वाक्य मी अनेकांच्या तोंडून ऐकलं आहे, जर्मनीतही ऐकलं आहे, आणि ते खोटं आहे. म्हणून हे पत्र.

मी तांत्रिक अनुवादक होते. यंत्रांच्या जर्मन माहितीपुस्तिकांचं भाषांतर हे माझं काम. त्या कामानिमित्त २००८ ते २०१७ अशी नऊ वर्षं जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगला राहिले. फोक्सवॅगनचं गाव वोल्फ्सबुर्ग तिथून गाडीने जेमतेम अर्ध्या तासावर. माझ्या घरमालकीणबाईंचा जन्म १९३६ चा. त्यांचे वडील रेल्वेच्या कारखान्यात कामाला होते. एका रविवारी दुपारी बाईंनी बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा काढला आणि त्यातून एक घडीचं कार्ड माझ्यासमोर ठेवलं. आत चौकोनांच्या ओळी आणि प्रत्येक चौकोनात पाच मार्कांचं एक तिकीट चिकटवलेलं. वरच्या सगळ्या ओळी अगदी सरळ, शेवटच्या दोन वाकड्या. बाई म्हणाल्या, “त्या मी चिकटवल्या. बाबा लढाईवर गेले होते, मी पाच वर्षांची होते. आई तिकीट ओलं करून द्यायची.” त्यानंतरचे चौकोन कोरे होते. वडील परत आले नाहीत.

लेखात जिला ‘लोकांची गाडी’ म्हटलं आहे (‘फोक्सवॅगन’चा अर्थ तोच) आणि जी पुढे बीटल म्हणून ओळखली गेली, तिचं हे बचतीचं कार्ड. ही योजना नीट सांगायला हवी, कारण सगळा घोळ तिथेच आहे. नाझींच्या ‘जर्मन श्रमिक आघाडी’ची ‘आनंदातून शक्ती’ नावाची एक शाखा होती. कामगारांच्या सहली, नाटकं, सुट्ट्या हे सगळं तीच बघायची. १९३८ मध्ये हिटलरने फालर्सलेबेनजवळ, म्हणजे आजच्या वोल्फ्सबुर्गला, कारखान्याची पायाभरणी केली, गाडीला याच शाखेचं नाव दिलं आणि किंमत जाहीर केली ९९० मार्क. आठवड्याला निदान पाच मार्कांचं तिकीट घ्यायचं, कार्डावर चिकटवायचं, कार्डं भरली की गाडीसाठी नंबर लागणार. भरलेल्या पैशांवर व्याज नाही. मध्येच योजना सोडून पैसे परत मागायची सोय नाही. साधारण ३ लाख ३६ हजार लोकांनी अशी तिकिटं चिकटवली. त्यांच्यापैकी एकालाही त्या राजवटीत गाडी मिळाली नाही. एकालाही नाही. युद्धाच्या काळात त्या साध्या गाड्या सुमारे ६३० बनल्या आणि त्या पक्षाच्या व लष्कराच्या मोठ्या लोकांकडे गेल्या. कारखान्यातून बाहेर पडत होती ती लष्कराची क्यूबेलवागेन, पन्नास हजारांच्या आसपास.

कारखाना तरी कुणाच्या पैशाने उभा राहिला? मे १९३३ मध्ये नाझींनी स्वतंत्र कामगार संघटना मोडून त्यांच्या इमारती, बँकखाती, सगळं जप्त केलं. ते श्रमिक आघाडीच्या घशात गेलं आणि त्यातून कारखान्याला भांडवल मिळालं. म्हणजे कामगारांचीच वर्गणी लुबाडून कारखाना बांधला आणि त्याच कामगारांकडून गाडीच्या नावाने दर आठवड्याला पाच मार्क घेतले. याला ‘दिली’ कसं म्हणायचं?

गाडीची कल्पना हिटलरची आणि आराखडा फर्डिनांड पोर्श यांचा, असं लेखात एका ओळीत आलं आहे. पोर्श यांचं काम मोठं आहे, त्याबद्दल वाद नाही. पण छोटी, स्वस्त, मागे इंजिन असलेली गाडी त्या काळात बऱ्याच जणांच्या डोक्यात होती. चेकोस्लोव्हाकियात टाट्रा कंपनीचे हान्स लेडविंका तसलं काम करत होते. जर्मनीत योझेफ गान्झ नावाचा ज्यू अभियंता एका मोटार-नियतकालिकाचा संपादक होता आणि लोकांसाठी अशी गाडी हवी म्हणून वर्षानुवर्षं लिहीत होता. त्याच्या आराखड्यावर बनलेली छोटी गाडी फेब्रुवारी १९३३ च्या बर्लिनच्या प्रदर्शनात ठेवलेली होती. त्यानंतर काही महिन्यांतच गेस्टापोने त्याला अटक केली. पुढच्या वर्षी त्याला देश सोडावा लागला आणि १९६७ मध्ये तो ऑस्ट्रेलियात वारला. गाडीचं श्रेय वाटायचंच असेल तर त्या पंगतीत गान्झचं पान मांडलं पाहिजे.

आता ज्याबद्दल लेखात अवाक्षर नाही, ते. युद्धकाळात या कारखान्यात सुमारे वीस हजार माणसं वेठबिगारीला जुंपलेली होती. पोलंडमधून, सोव्हिएत प्रदेशातून, फ्रान्स-इटलीतून आणलेले कामगार, युद्धकैदी, छळछावण्यांमधले कैदी. सगळ्यात वाईट गोष्ट ऱ्यूएन गावाची. पोलिश आणि सोव्हिएत मजूर बायकांना बाळं झाली की ती त्यांच्यापासून काढून घेऊन एका तथाकथित बालगृहात ठेवत. तिथे अस्वच्छता, उपासमार आणि रोगराई यांनी शेकडो तान्ही मुलं दगावली. १९४६ मध्ये ब्रिटिश लष्करी न्यायालयाने कारखान्याच्या डॉक्टरला त्याबद्दल मृत्युदंड सुनावला. कारखान्यातल्या एका जुन्या हवाई हल्ला-निवाऱ्यात १९९९ पासून या वेठबिगारांचं स्मृतिस्थळ आहे. मी एकदा गेले होते. जाड काँक्रीटच्या भिंती, पाठ वाकवावी असं वाटायला लावणारं छत, आणि एकामागून एक खोल्यांत माणसांचे फोटो, ओळखपत्रं, पत्रं. मी बाहेर आले तेव्हा पाळी बदलत होती, कामगार डबे घेऊन घरी निघाले होते. माझ्याने बराच वेळ कुणाशी बोलवलं नाही.

कंपनीने हे सगळं लपवून ठेवलं, असं मात्र मी म्हणणार नाही. उशीर केला, चाळीस वर्षं केला. पण १९८६ मध्ये इतिहासकार हान्स मोमझेन यांच्याकडे संशोधन सोपवलं आणि १९९६ मध्ये ते हजारावर पानांत छापून लोकांसमोर आलं. १९९८ मध्ये कंपनीने जिवंत असलेल्या वेठबिगारांसाठी २ कोटी मार्कांचा निधी काढला. हात आखडता घेतला, असं अनेकांचं मत होतं. पण निदान कागद तरी उघडले.

मग लोकांना गाडी दिली कुणी? माझ्या मते याचं पहिलं उत्तर आहे मेजर आयव्हन हर्स्ट. १९४५ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश सैन्याने या एकोणतीस वर्षांच्या यॉर्कशरच्या अभियंत्याला वोल्फ्सबुर्गला पाठवलं. त्याच्या घरचा धंदा घड्याळांचा आणि भिंगांचा. समोर बाँबने फुटलेलं छप्पर, अर्धपोटी कामगार, आणि युद्धाची भरपाई म्हणून मोडीत काढायच्या यादीत गेलेला कारखाना. सैन्याला हलक्या गाड्यांची निकड होती. हर्स्टने एक नमुना हिरव्या रंगात रंगवून मुख्यालयात पाठवला आणि सैन्याकडून वीस हजार गाड्यांची मागणी आली. २७ डिसेंबर १९४५ ला नियमित उत्पादन सुरू झालं. पुढच्या ऑक्टोबरात दहा हजारावी गाडी बाहेर पडली. गाड्यांची तपासणी, सुटे भाग, दुरुस्तीचं शिक्षण यांची घडी या माणसाने त्या पडझडीत बसवायला घेतली. १९४८ च्या जानेवारीत कंपनीचे प्रमुख म्हणून हाइनरिश नोर्डहॉफ आले आणि त्यांनी तोच धागा पुढे नेला. ज्या देशात गाडी विकायची तिथे आधी दुरुस्तीची आणि सुट्या भागांची सोय हवी, हा त्यांचा आग्रह. ऑगस्ट १९५५ मध्ये दहा लाखावी बीटल निघाली.

फोक्सवॅगनचं नाव झालं ते या तपासणीमुळे. १९६० ची तिची एक अमेरिकन जाहिरात सांगते, कारण मला ती फार आवडते. मोठ्या पांढऱ्या पानावर एक बीटल आणि खाली एकच शब्द: लिंबू. अमेरिकेत सदोष गाडीला लिंबू म्हणतात. खालच्या मजकुरात लिहिलं होतं की या गाडीच्या डॅशबोर्डमधल्या कप्प्यावरच्या चकचकीत पट्टीवर डाग आहे, म्हणून आमच्या तपासनिसाने ती अडवली. वोल्फ्सबुर्गला फक्त तपासणीच्या कामावर ३,३८९ माणसं आहेत आणि रोज गाड्या बनतात तीन हजार. गाड्यांपेक्षा तपासनीस जास्त! ही जाहिरात करणाऱ्या संस्थेच्या संस्थापकांपैकी एक, बिल बर्नबाख, न्यूयॉर्कचे ज्यू होते. युद्ध संपून पंधरा वर्षं झाली होती. त्यांच्या हातून या गाडीची अमेरिकेत ओळख व्हावी, याचं मला आजही अप्रूप वाटतं. १७ फेब्रुवारी १९७२ ला बीटलने सर्वाधिक गाड्या बनण्याचा फोर्डच्या मॉडेल टीचा विक्रम मोडला. ३० जुलै २००३ ला मेक्सिकोतल्या पुएब्लाच्या कारखान्यात शेवटची बीटल निघाली तेव्हा आकडा २ कोटी १५ लाखांवर गेला होता.

आणि तिकिटं चिकटवणाऱ्यांचं काय झालं? त्यांचे पैसे बर्लिनच्या बँकेत होते, ते रशियन सैन्याच्या हाती गेले. युद्धानंतरची फोक्सवॅगन कंपनी म्हणत होती, आम्ही तुमचं काही लागत नाही. या बचतदारांनी संघटना केली, १९४९ पासून दावे लढवले, कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. अखेर १९६१ मध्ये तडजोड झाली. पूर्ण पैसे भरलेल्याला नव्या गाडीवर सहाशे मार्कांपर्यंत सूट, नाहीतर शंभर मार्क रोख. आमच्या घरमालकीणबाईंच्या आईने कार्ड दिलंच नाही. त्यावर नवऱ्याच्या हातची तिकिटं होती.

आपल्या लेखाच्या शेवटी ‘जर्मन गाडी म्हणजे डोळे झाकून विश्वास’ असंही म्हटलं आहे. २०१५ नंतर असं कसं लिहिता येईल? वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठातल्या काही संशोधकांनी मोजणीची यंत्रं गाडीतच ठेवून फोक्सवॅगनच्या डिझेल गाड्या रस्त्यावर चालवल्या, तेव्हा प्रयोगशाळेतले आकडे आणि रस्त्यावरचे आकडे जुळेनात. गाडीच्या संगणकात अशी आज्ञावली होती की स्टिअरिंग वळत नाही, वेग ठरावीक चढ-उतारांनीच चालला आहे, अशा खुणांवरून तिला कळे की आपली चाचणी चालू आहे. मग धूर शुद्ध करणारी यंत्रणा पूर्ण चाले. रस्त्यावर आली की ती ढिली पडे आणि नायट्रोजन ऑक्साइड मर्यादेच्या चाळीसपटीपर्यंत जाई. १८ सप्टेंबर २०१५ ला अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने हे जाहीर केलं. पाच दिवसांत कंपनीचे प्रमुख मार्टिन विंटरकोर्न यांनी राजीनामा दिला. जगभरात अशा गाड्या होत्या १ कोटी १० लाख.

त्या आठवड्यात ब्राउनश्वाइगमधली शांतता मी विसरणार नाही. आमच्या इमारतीत तीन घरं फोक्सवॅगनच्या पगारावर चालत होती. जिन्यात कुणी भेटलं की नुसतं मान हलवून पुढे जायचं. पहिल्या मजल्यावरचे गृहस्थ तीस वर्षं गाड्यांचे दरवाजे तपासत आले होते. ते मला म्हणाले, “माझा दरवाजा अर्धा मिलिमीटर सरकला असता तर मी गाडी पुढे जाऊ दिली नसती.” डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. तिकडे वरच्या मजल्यांवर काय चाललं होतं ते त्या माणसाला कुठून कळणार!

२५ मे २०२० ला कार्ल्सरूहच्या त्याच न्यायालयाने कंपनीची ही वागणूक नीतिबाह्य ठरवली आणि गाडी घेणाऱ्यांचा भरपाईचा हक्क मान्य केला. बाई तेव्हा चौऱ्याऐंशी वर्षांच्या होत्या. मी इकडून फोन केला, तर त्यांना निकाल आधीच माहीत होता. त्या म्हणाल्या, “आईला सांगायला हवं होतं.”

तेव्हा माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या रविवारी पुरवणीत चार ओळींची दुरुस्ती छापावी. ‘हिटलरने सामान्य जर्मन माणसाला परवडणारी गाडी दिली’ याऐवजी ‘हिटलरच्या राजवटीने गाडीच्या नावाने ३ लाख ३६ हजार लोकांकडून पैसे घेतले आणि एकालाही गाडी दिली नाही’ असं लिहावं. जागा असेल तर त्याखाली हर्स्ट यांचं आणि गान्झ यांचं नाव यावं. ऱ्यूएनच्या मुलांचाही उल्लेख व्हावा. छापलेलं कात्रण मला हवं आहे. त्याचं जर्मन भाषांतर करून मी ब्राउनश्वाइगला पाठवणार आहे.

आपली,
एक जुनी वाचक
(निवृत्त तांत्रिक अनुवादक)