जॉइनिंग बोनस? आमच्याकडे उचल म्हणतात

मा. संपादक,
स. न.

नोकरीवर रुजू होतानाच हातात लाख-दोन लाख, या कौतुकाने ओथंबलेली आपली परवाची पुरवणी वाचली. नव्या पिढीचे नवे सुख म्हणे! आमच्या धारूर-वडवणीकडे याला उचल म्हणतात. दसऱ्याच्या आधी ऊसतोड मजुरांचा मुकादम येतो, बाजेवर बसून थुंकी लावत नोटा मोजतो, वहीत आकडा टाकतो आणि नवरा-बायकोचा एक कोयता साखर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे हंगाम संपेपर्यंत, बांधला जातो. फिटली नाही तर बाकी पुढच्या हंगामाला. मी मास्तर होतो, दिवाळीनंतर माझा निम्मा वर्ग फडावर असायचा.

माझ्या पुतण्याला पुण्यात अशीच उचल मिळाली. पत्रावर दोन लाख, खात्यावर आले १ लाख ५८ हजार ४००. उरलेले टीडीएस, म्हणजे आधीच कापलेला कर. त्यातले निम्मे खोलीच्या डिपॉझिटातच गेले. दहाव्या महिन्यात माझ्या थोरल्या भावाला, म्हणजे त्याच्या बापाला, अर्धांगवायूचा झटका आला. पोरगं म्हणालं, दोन महिने गावाकडून काम करतो. कंपनी म्हणाली, जमणार नाही. राजीनामा दिला, तर वर्ष भरलं नाही म्हणून बोनस परत करा. तोही पुरे दोन लाख! हातात न पडलेले ४१ हजार ६०० कुठून द्यायचे, असं विचारल्यावर एचआरच्या बाईंनी गोड आवाजात सांगितलं, 'ते रिटर्न भरताना इन्कम टॅक्सकडून मागून घ्या. क्लॉज वाचूनच सही केलीत ना?' भावाच्या दवाखान्यासाठी काढून ठेवलेल्या पैशांतून भरले.

मी मुकादमाची वकिली करत नाही. बाई आजारी पडली तरी खाडा लावणारी जात आहे ती. पण लाख दिले तर लाखच दिले म्हणतो. व्याज लावतो ते वेगळे.

आपल्या वार्ताहराने पुरवणीत चार पोरांचे हसरे फोटो छापले. एखाद्याला ते पत्र उलटून मागची अट दाखव, एवढं तरी म्हणायचं होतं.

ता. क. : गेल्या आठवड्यात बीडच्या पानावर सलग तीन दिवस नेत्यांच्या वाढदिवसाच्या जाहिराती होत्या. ऊसतोडीच्या गाड्या परतल्याची बातमी चार ओळींत उरकली, त्यात वडवणीचं 'वडगाव' झालं होतं.

— एक निवृत्त शिक्षक, ता. धारूर, जि. बीड