सोळा रब्बी आणि माझा ताप

सेंट ऑगस्टीन, फ्लोरिडा

प्रिय विन्या,

लेकीनं काल इथल्या खाडीकाठच्या एका हॉटेलपाशी नेलं. पूर्वी तिथं मॉन्सन मोटर लॉज होतं. ते पाडलं, पायऱ्या तेवढ्या राखल्यात. जून १९६४ मध्ये मार्टिन ल्यूथर किंगना तिथंच अटक झाली होती.

मला नवं होतं ते रब्बींचं, म्हणजे ज्यू धर्मगुरूंचं. आपल्या अलिबागच्या इस्रायल आळीत सिनेगॉग आहे, पण रब्बी काही आपण कधी पाहिला नाही. सुधारणावादी रब्बींची परिषद भरली होती, तिला किंगनी ‘या’ म्हणून निरोप धाडला आणि सोळा जण खरंच आले. १८ जूनला ते हॉटेलबाहेर प्रार्थनेला उभे राहिले. सगळ्यांचं लक्ष तिकडे, तेवढ्यात काळ्या-गोऱ्या तरुणांनी मिळून फक्त गोऱ्यांसाठी असलेल्या पोहण्याच्या तलावात उड्या टाकल्या. मॅनेजरनं पाण्यात ॲसिड ओतलं, फरशी घासायचं असतं ना, तसलं. मला आपल्या महाडचं चवदार तळं आठवलं. तिथं ‘बाटलेलं’ पाणी शुद्ध करायला पंचगव्य ओतलं होतं.

रब्बींना पकडलं. रात्री तीनला, कोठडीबाहेरच्या एकुलत्या बल्बच्या उजेडात, त्यांनी आपण का आलो ते लिहून काढलं. कागद पाठकोरे, पुढच्या बाजूला कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांच्या टोळीवरचा अहवाल! हिटलरच्या भट्ट्यांचा धूर गप उभं राहून पाहणारे लोक त्या पत्रात आहेतच. पण मी अडकलो ते पुढच्या कबुलीपाशी. इथल्या माणसांबद्दल आपल्याला किती थोडं ठाऊक होतं, असं ते लिहितात. आणि ज्या तऱ्हेचा रब्बी व्हायचं मनात होतं तसे अजून झालो नाही, आज जरासे जवळ गेलो, असंही.

तू म्हणशील, एक रात्र कोठडीत काढून घरी गेले, मार खायला इथलेच उरले. बरोबर आहे. दुसऱ्याच दिवशी सिनेटनं नागरी हक्कांचं विधेयक मंजूर केलं, त्याचं श्रेयही मी या सोळांना देणार नाही. तरी आले.

विहिरीच्या भांडणात तू मला सभेला बोलावलं होतंस, आठवतं? मी ताप आलाय म्हणून कळवलं. तू संध्याकाळी पेज घेऊन आलास.

ताप नव्हता रे.

पत्राची झेरॉक्स सोबत आहे. पुढच्या महिन्यात येतोय, स्टँडवर ये.

तुझा,
दिल्या